सागवानाच्या तुळईला बाक का येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. चुन्याच्या कामाविषयी आणि कौलारू छपरांविषयी त्यात जे लिहिले आहे त्याला मी हात जोडतो. लाकडाविषयीच्या दोन विधानांना मात्र हरकत घेणे मला भाग आहे. पहिले विधान असे, की सागवान जसजसे जुने होते तसतसे ते पोलादासारखे कणखर होत जाते. दुसरे असे, की लाकूड हाताला जितके जड लागेल तितके ते भाराला मजबूत. ही विधाने वखारीपासून विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत सर्वत्र ऐकू येतात, दोहोंत थोडेथोडे तथ्यही आहे, आणि त्या थोड्या तथ्यामुळेच माणूस फसतो. मी तीस वर्षे तंत्रनिकेतनात संरचनांचे गणित शिकवले, आणि तरीही माझ्याच देखरेखीखाली आमच्या गावच्या देवळात ही फसगत झाली; म्हणून पत्र लांबले तरी ते छापावे, अशी विनंती आहे.

कोकणातल्या आमच्या देवळाच्या सभामंडपाला ११ फुटांच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या), ६ इंच रुंद आणि ८ इंच उंच अशा सागवानी तुळया आहेत. त्यांतल्या सहा तुळयांची भिंतीतली टोके वाळवीने खाल्ली म्हणून आठ वर्षांपूर्वी त्या बदलाव्या लागल्या. नवे लाकूड एका वखारीतून ‘प्रथम दर्जाचे सागवान’ म्हणून घेतले. पावतीवरही तेच शब्द होते. चौथा पावसाळा सरल्यावर एका बाजूची कौले सरकलेली दिसली, म्हणून तुळयांच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून पाहिली, तर एका नव्या तुळईला मधोमध सव्वा इंच बाक होता. तिच्या शेजारची जुनी तुळई माझ्या आजोबांच्या काळापासून तेवढ्याच कौलांचा भार वाहते आहे. तिचा बाक अर्धा इंचही भरला नाही. अशा तुळईला गाळ्याच्या २४० व्या भागाइतका, म्हणजे ११ फुटांत अर्ध्या इंचाहून किंचित जास्त बाक चालवून घेण्याचा प्रघात आहे. आमची नवी तुळई या हिशेबाने दुपटीच्या पलीकडे गेली होती.

गावाचे निदान तयारच होते: हा साग नव्हेच. मलाही क्षणभर तसेच वाटले. काढून टाकलेल्या जुन्या तुळईच्या निरोगी भागातून आणि नव्या तुळईच्या राखून ठेवलेल्या तुकड्यातून मी सुताराकडून एक-एक इंचाचे दोन ठोकळे काढून घेतले आणि सोनाराच्या काट्यावर तोलले. जुना १०.८ ग्रॅम भरला, नवा १०.१ ग्रॅम. मग धारदार पटाशीने दोन्ही ठोकळ्यांचे आडवे तोंड तासून घेतले, त्यावर पाण्याचे बोट फिरवले आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले. दोन्हींत सागाची ओळख लख्ख होती. प्रत्येक वार्षिक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग होती, नुसत्या डोळ्यांना सुईच्या टोचणीसारखी दिसणारी. पुढे वलयाच्या शेवटाकडे छिद्रे लहान आणि विरळ होत गेलेली, मधली जागा दाट तपकिरी, आणि या सगळ्याला काटकोनात छेदत गेलेल्या बारीक फिकट किरणरेषा. नवे लाकूड सागच होते, आणि वजनातला फरक जेमतेम सहा-सात टक्क्यांचा होता. मग बाक अडीच पट कसा?

याचे उत्तर लाकडाच्या पेशींच्या रचनेत आहे, आणि ते समजण्यासाठी आधी वजनाची गोष्ट निकालात काढली पाहिजे. लाकूड म्हणजे पोकळ नळ्यांचा गठ्ठा आहे. सागाचा, सालाचा किंवा सावरीचा, कोणत्याही लाकडाचा नळीच्या भिंतीचा पदार्थ घनतेने जवळपास सारखाच असतो: घनमीटरला सुमारे १,५०० किलो. तो पाण्यात बुडेल. लाकूड तरंगते ते त्यातल्या पोकळीमुळे. साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, याचा अर्थ त्याच्या आकारमानाचा जेमतेम ४३ टक्के भाग भरीव आहे. साल ८०० किलोच्या वर जातो, तेव्हा त्यात अर्ध्याहून अधिक भिंत असते. सावरीसारख्या हलक्या लाकडात पाव भाग भिंत आणि बाकी हवा. जातीजातींत फरक आहे तो प्रामुख्याने या भिंतींच्या जाडीचा आणि नळ्यांच्या मांडणीचा. पाइन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांत तीन-चार मिलिमीटर लांबीच्या एकाच प्रकारच्या पेशी पाणीही वाहतात आणि भारही पेलतात. सागासारख्या रुंदपर्णी झाडांत कामाची वाटणी झालेली असते, पाण्यासाठी रुंद वाहिन्या आणि आधारासाठी एक-दीड मिलिमीटरचे जाड भिंतीचे तंतू.

बोरूच्या नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी उभी ठेवली तर तिच्यावर पोर बसू शकते. तीच आडवी टाकून तिच्यावर पाय दिला तर नळ्या चपट्या होतात. लाकडाचे तसेच आहे. लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अॅशबी या पदार्थशास्त्रज्ञांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ रचनांचे जे गणित मांडले, त्यातून हा फरक नेमका कळतो. रेषेच्या, म्हणजे नळ्यांच्या लांबीच्या, दिशेने दाब आला की नळ्यांच्या भिंती सरळ दाबल्या जातात, म्हणून त्या दिशेचा ताठरपणा घनतेच्या सम प्रमाणात वाढतो. आडवा दाब आला की भिंती वाकतात, म्हणून आडव्या दिशेचा ताठरपणा घनतेच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. घनता निम्मी असलेले लाकूड रेषेच्या दिशेने निम्मे ताठर असते, पण आडव्या दिशेने एक अष्टमांश. सावरीच्या फळीत अंगठ्याचे नख रुतते ते याच कारणाने, आणि भारी तुळई मऊ दगडी टेकूवर वर्षानुवर्षे बसली की टेकूच्या जागी तिचे अंग दबून पातळ झालेले दिसते तेही याच कारणाने. एरवी एकाच लाकडाचा रेषेच्या दिशेचा ताठरपणा आडव्या दिशेच्या दहा ते वीस पट असतो.

तेव्हा जड लाकूड मजबूत, हे विधान सुक्या लाकडापुरते आणि जातीजातींच्या तुलनेपुरते खरे आहे. भारतीय मानक ८८३ मध्ये इमारती लाकडांचे ताठरपणानुसार जे गट पाडले आहेत, त्यांतही साधारण हाच क्रम दिसतो: १२.६ गिगापास्कलच्या (हे ताठरपणा मोजण्याचे एकक) वरच्या पहिल्या गटात साल, ९.८ ते १२.६ च्या दुसऱ्या गटात साग आणि त्याखालच्या तिसऱ्या गटात देवदार. (साग दुसऱ्या गटात आहे, हे सांगितले की आमच्याकडे लोक दुखावतात.) पण घनतेचा हा नियम आमच्या दोन ठोकळ्यांना लावला, तर नवी तुळई जुनीपेक्षा फार तर सहा-सात टक्क्यांनी लवचीक असायला हवी. बाकीचा बाक पेशींच्या भिंतीच्या आत आणि त्या भिंतींच्या दिशेत शोधावा लागतो.

ती भिंत सपाट पत्र्यासारखी नसते. सेल्युलोजचे काही नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्मतंतू हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्या लगद्यात रोवलेले असतात, आणि ते पेशीभोवती दोरीच्या पिळासारखे गुंडाळलेले असतात. भिंतीच्या मुख्य तीन थरांपैकी मधला थर सर्वांत जाड असतो, आणि पेशीच्या लांबीशी त्यातले सूक्ष्मतंतू किती अंशांचा कोन करतात यावर लाकडाचा ताठरपणा फार मोठ्या प्रमाणात ठरतो. स्फटिकरूप सेल्युलोजचा स्वतःचा ताठरपणा १३० गिगापास्कलच्या घरात आहे, पोलादाच्या २०० च्या तुलनेत तो काही किरकोळ नव्हे. पण त्याचा लाभ मिळायला तंतू भाराच्या रेषेत हवेत. खाटेच्या सुंभाला जास्त पीळ दिला की ताणल्यावर तो आधी पीळ उलगडत लांबतो आणि मगच घट्ट होतो. सूक्ष्मतंतूंचा कोन मोठा असलेली पेशी अशीच लांबते. रेडिएटा पाइनवरच्या अभ्यासात हा कोन १० अंशांवरून ४० अंशांवर गेला की भिंतीचा ताठरपणा सुमारे पाच पटींनी उतरतो असे दिसून आले आहे, आणि तेवढ्या फरकात घनता मात्र फारशी बदललेली नसते. म्हणजे सोनाराचा काटा या दोषाबद्दल काहीच सांगत नाही.

झाड हा कोन उगीच मोठा ठेवत नाही. रोपटे वाऱ्यात तुटण्यापेक्षा वाकावे, म्हणून कोवळ्या खोडात पीळ जास्त असतो. खोड जाड होऊन स्वतःचे ओझे उभे धरू लागले, की नव्या वलयांतला कोन लहान होत जातो. ते पहिल्या काही वर्षांचे कोवळे लाकूड मात्र झाडाच्या पोटात, भेंडाभोवती, म्हणजे खोडाच्या मधोमधच्या मऊ भागाभोवती, जन्मभर तसेच राहते. आमच्या नव्या तुळईच्या टोकाला रंधा मारून पाहिले, तर आडव्या कापाच्या जवळजवळ मधोमध भेंड होते आणि त्याच्याभोवती रुंद वलयांची पूर्ण वर्तुळे. एका कोवळ्या ओंडक्यातून एकच तुळई काढलेली होती, ओंडका चौकोनी करून. जुन्या तुळईच्या टोकाला वर्तुळ कुठेच नव्हते; वलयांच्या रेषा जवळजवळ समांतर, किंचित कमानदार जात होत्या, म्हणजे ती मोठ्या खोडाच्या बाहेरच्या भागातून चिरलेली होती. सागात कोवळ्या आणि प्रौढ लाकडातला फरक पाइनइतका तीव्र नसतो, हे मला न्यायाने सांगितले पाहिजे. एकट्या भेंडाने आमची तुळई वाकवली नाही. पण कोवळे लाकूड सुकताना लांबीच्या दिशेनेही जास्त आकसते, आणि भेंड मध्याच्या एका बाजूला सरकलेले असले की त्या बाजूची लांबी घटून तुळई आपोआप धनुष्याकृती होते. आमच्या सहांपैकी एक तुळई खाली वाकण्याऐवजी बाजूला वळली, तिचे कारण हेच.

दुसरा दोष सुताराच्या लगेच लक्षात यायला हवा होता, कारण तो रंध्याला कळतो. तुळईच्या एका अंगाला रंधा मऊ चालत होता आणि दोन फूट पुढे गेल्यावर उलट रेषेत शिरून झिलपे उपटत होता. रेषा तुळईच्या कडेला समांतर नव्हत्या; मी मोजले तेव्हा सुमारे ८ इंचांना १ इंच अशा वेगाने त्या कडेबाहेर पळत होत्या. वाकडे खोड सरळ चिरले, की असे होते. पेशी खोडाच्या वळणाने वाढलेल्या असतात, करवत मात्र सरळ जाते, आणि मग भार नळ्यांच्या लांबीने न जाता अर्धवट त्यांच्या अंगावरून जातो. निर्दोष लाकडाच्या तुलनेत २० ला १ अशा तिरप्या रेषेने वाकण्यातले बळ ९३ टक्के उरते, १० ला १ असेल तर ८१ टक्के, आणि ५ ला १ असेल तर ५५ टक्के. ताठरपणाही अशाच तऱ्हेने घसरतो. मानकात उत्तम प्रतीसाठी २० ला १, पहिल्या प्रतीसाठी १५ ला १ आणि दुसऱ्या प्रतीसाठी १२ ला १ एवढीच तिरपी रेषा चालते. ‘प्रथम दर्जा’ हे शब्द छापलेल्या पावतीची आमची तुळई दुसऱ्या प्रतीतही बसत नव्हती. गंमत अशी, की ही परीक्षा करायला यंत्र लागत नाही. तुळईच्या उभ्या भेगा कोणत्या दिशेने गेल्या आहेत ते पाहिले, किंवा टाचणीचे टोक हलक्या हाताने रेषेने ओढले, की कोन दिसतो.

आणि आता खरा गुन्हेगार, म्हणजे पाणी. ते मला कागदपत्रांत सापडले. टेम्पो गावात येण्यापूर्वी वजनकाट्यावर थांबला होता आणि त्याची चिठ्ठी हिशेबाच्या फाइलला टाचलेली होती: सहा तुळया, ६४० किलो. प्रत्येक तुळई १२ फूट लांब, म्हणजे ४ घनफूट. सहा मिळून २४ घनफूट. घनफुटाला जवळपास २७ किलो पडले. चांगला वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलो भरतो. सगळ्या तुळया सुक्या असत्या तर वजन ४४०-४५० किलोच्या आसपास भरले असते. आम्ही सुमारे २०० किलो पाणी भाडे देऊन वाहून आणले, आणि उतरवताना हमालांच्या कण्हण्यावरून ‘माल भरीव आहे’ असा शेरा मी स्वतः मारला होता.

पाणी लाकडात दोन ठिकाणी असते. नळ्यांच्या पोकळीतले पाणी नुसते ओझे असते, त्याने ताठरपणात फरक पडत नाही. भिंतीच्या आत, सूक्ष्मतंतूंच्या मधल्या लगद्यात शिरलेले पाणी मात्र तंतूंना एकमेकांपासून किंचित दूर सारते आणि त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध सैल करते. सुक्या वजनाच्या २८ ते ३० टक्के पाणी झाले की भिंती तृप्त होतात. त्यापुढचे सगळे पाणी पोकळीत. ओले लाकूड सुकताना आधी पोकळी रिकामी होते, तोवर आकारमान आणि बळ तसेच राहते; भिंती सुकू लागल्या की लाकूड आकसतेही आणि कडकही होते. ओलावा दर एक टक्का घटला की ताठरपणा साधारण दोन टक्क्यांनी वाढतो, रेषेच्या दिशेचे दाबाचे बळ पाच-सहा टक्क्यांनी. आकसणेही पेशींच्या दिशेनुसार होते: साग पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या वळणाने सुमारे ५.८ टक्के, किरणरेषांच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि लांबीच्या दिशेने नगण्य. या असमानतेमुळेच भेंड पोटात असलेली तुळई हमखास तडकते. तरी सागाचे आकसणे इतर लाकडांच्या मानाने कमीच, आणि दारे-खिडक्यांसाठी त्याचा जो लौकिक आहे त्यात या गुणाचा वाटा मोठा आहे.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की ओली तुळई वर चढवली तरी काय बिघडले, सुकल्यावर ती ताठर होणारच. ती होते, पण वाकलेल्या स्थितीत होते. भाराखाली असलेल्या तुळईतून पाणी निघून जात असताना सूक्ष्मतंतूंमधले बंध तुटतात आणि सरकलेल्या जागी पुन्हा जुळतात. वरच्या अंगाच्या पेशी दबलेल्या आणि खालच्या ताणलेल्या अशाच ठरून जातात. पुढचा प्रत्येक पावसाळा आणि प्रत्येक उन्हाळा हा खेळ थोडा पुढे नेतो. म्हणून अभियंते दीर्घकाळच्या भाराचा बाक मोजताना सुकवलेल्या लाकडासाठी आरंभीच्या बाकाच्या दीडपट आणि ओल्या लाकडासाठी दुप्पट धरतात. शिवाय ८ इंच उंचीची तुळई सुकताना पाव इंचाने उतरू शकते, आणि ताठरपणा उंचीच्या घनावर अवलंबून असल्यामुळे त्या पाव इंचात तिचा नऊ टक्के ताठरपणा जातो. कोवळे पोट, पळती रेषा, उतरलेली उंची आणि भाराखाली सुकणे या चौघांनी मिळून सव्वा इंच पुरा केला. आम्ही कौले उतरवून पाहिली. तुळई जेमतेम पाव इंच वर आली आणि तिथेच थांबली.

आता लेखातल्या पहिल्या विधानाकडे येतो. कोरड्या जागी, वाळवी आणि बुरशी यांपासून सुरक्षित राहिलेले लाकूड शेकडो वर्षे आपला ताठरपणा जवळपास टिकवून धरते, हे खरे. पण टिकवणे निराळे आणि वाढवणे निराळे. जुनी तुळई पोलादासारखी ‘झाली’ नाही. ती मोठ्या, प्रौढ झाडाच्या बाहेरच्या भागातून, सरळ रेषेची निवडून, महिनोन् महिने सावलीत रचून सुकवून वर चढवलेली होती, आणि जी तशी नव्हती ती केव्हाच मोडून चुलीत गेली. आपण पाहतो ती उरलेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे शाबूत आहेत, याचा दाखला या वादात नेहमी दिला जातो. मीही वर्गात देत असे. परंतु त्या कमानी खडकाचे छत पेलत नाहीत, त्या छताला केवळ शोभेसाठी बसवलेल्या आहेत. त्यांनी लाकडाचा टिकाऊपणा सिद्ध होतो, भार पेलण्याची क्षमता नव्हे. टिकाऊपणा सागाच्या गाभ्यात साठलेल्या रसायनांतून येतो, जी वाळवीला आणि बुरशीला मानवत नाहीत. बाहेरच्या फिकट रसकाष्ठात ती नसतात, म्हणून रसकाष्ठ लवकर किडते, पण निरोगी आणि सुके असेपर्यंत ते भाराला गाभ्याहून फारसे कमी नसते. टिकाऊपणा, बळ आणि ताठरपणा हे तीन वेगळे गुण ‘मजबूत’ या एका शब्दात कोंबले, की पुढचा सगळा व्यवहार अंधारात होतो.

पोलादाशी तुलना करायचीच तर ती सागाला कमीपणा आणणारी नाही. समान लांबीच्या, समान वजनाच्या, दोन्ही भरीव चौरस अशा पट्ट्या घेतल्या तर सागाची पट्टी वाकण्याला पोलादाच्या पट्टीपेक्षा सुमारे सातपट ताठर भरते, कारण त्याच वजनात लाकूड खूप जाड मिळते आणि ती जाडी त्याला पेशींतल्या पोकळीने दिलेली असते. पोलादाला ही बरोबरी साधायला आपला आकार इंग्रजी आय अक्षरासारखा करावा लागतो.

लागवडीच्या सागाला सरसकट नावे ठेवण्याचाही प्रघात पडला आहे, तो मला मान्य नाही. केरळातल्या निलंबूर येथे मलबारचा ब्रिटिश कलेक्टर कॉनोली याच्या पुढाकाराने सागाची लागवड १८४० च्या दशकात झाली. लागवडीचा साग ही काही आजची क्लृप्ती नव्हे. रुंद वलये म्हणजे पोचट लाकूड, हा नियम पाइनसारख्या झाडांना बऱ्याच अंशी लागू पडतो, पण वलयाच्या आरंभी मोठी छिद्रे असणाऱ्या सागासारख्या झाडात तो तसाच लावता येत नाही, कारण रुंद वलयात वाढतो तो बहुधा छिद्रांनंतरचा दाट भाग. वीसेक वर्षांत तोडलेल्या सागाचे दुखणे हे, की त्यात कोवळ्या पोटाचे प्रमाण जास्त आणि गाभ्याचे प्रमाण कमी असते. आफ्रिकेतून आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून बंदरांवर उतरणाऱ्या सागात असे लहान घेराचे ओंडके बरेच असतात. त्यातून दाराच्या चौकटी खुशाल कराव्यात. तुळया करताना घेर आणि भेंड पाहावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा लौकिक रास्तच आहे, अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेला हे आपल्या वाचकांना आठवत असेल. पण त्या जंगलातल्या झाडालाही भेंड असते, फांदीच्या जागी गाठ असते आणि तोडल्यावर त्यातही पाणी असते.

म्हणून लेखकाला आणि जीर्णोद्धाराची कामे काढणाऱ्या सर्व मंडळांना माझे सांगणे आहे, की निविदेत ‘प्रथम दर्जाचे सागवान’ हे तीन शब्द लिहून थांबू नये. आम्ही आता वाकलेल्या तुळईखाली तात्पुरता खांब दिला आहे आणि दुसऱ्या तुळईची मागणी नोंदवली आहे. मागणीपत्रात असे लिहिले: तुळईच्या कापात भेंड नसावे, रेषेचा कल १५ ला १ यापेक्षा जास्त नसावा, मधल्या तिसऱ्या भागात खालच्या अंगाला गाठ नसावी, कारण तिथे पेशी ताणाखाली असतात आणि गाठीभोवती त्या वळसा घेऊन जातात, लाकडाचा ओलावा १५ टक्क्यांच्या आत असावा आणि तो टोकापासून फूटभर आत घेतलेल्या चकतीचे ओले वजन व भट्टीत सुकवल्यानंतरचे वजन यांवरून ठरवावा, तुळईची उंची सुकल्यानंतर ९ इंच भरावी. या शेवटच्या एका इंचाने लाकूड आठव्या हिश्श्याने वाढते आणि ताठरपणा ४२ टक्क्यांनी, त्यामुळे विश्वस्तांनी खर्चाला फार कुरकुर केली नाही. दोन वखारींनी हे पत्र वाचून ‘साग पाहिजे की प्रयोगशाळा’ असे विचारले. तिसऱ्या वखारीतल्या म्हाताऱ्या मुकादमाने काहीच विचारले नाही. त्याने मागच्या शेडमध्ये नेऊन पट्ट्या घालून रचलेला दोन वर्षांचा माल दाखवला, एका तुळईच्या तोंडावर थुंकी लावून अंगठा फिरवला, आणि वलये कशी आडवी गेली आहेत ते मला दाखवले. चकती भट्टीत आहे. वजन आले की आगाऊ रक्कम पाठवायची आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अधिव्याख्याता, जिल्हा रत्नागिरी